आजोबांचा पुरावा

फेब्रुवारी १९६२. इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने देशभर विवाह नोंदवणाऱ्या रब्बींना एक सूचनापत्र धाडलं. कोकणातून आलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजातल्या मुलाचं किंवा मुलीचं लग्न समाजाबाहेरच्या ज्यूशी ठरलं असेल, तर आधी चौकशी करा, असं त्यात म्हटलं होतं. आई ज्यू होती का? आईची आई? तिच्याही मागे जितकं जाता येईल तितकं जा. आईबाप किंवा आजी-आजोबा यांच्यात कुणी काडीमोडानंतर दुसरं लग्न केलं होतं का, तेही विचारा. इस्रायलात ज्यू माणसाचं लग्न धर्मपीठाच्या हाती असतं. सरकारी कचेरीत जाऊन सह्या ठोकून मोकळं व्हायची सोय तिथे नाही. रब्बी ‘थांबा’ म्हणाले की लग्न थांबलं.

ज्यांना असं थांबवलं जात होतं त्यांची मूळ आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, झिराडकर अशी होती. बीरशेबा, दिमोना, लोद, अशदोद या गावांत ही माणसं राहत होती, कामावर मोडकंतोडकं हिब्रू आणि घरी मराठी बोलत होती. आणि ज्यांची चौकशी व्हायची ते आजोबा? ते कधीच रेवदंड्याच्या, पेणच्या, अलिबागच्या कबरस्तानांत जाऊन निजले होते. कुणी हयातभर घाण्यावर तेल गाळलं होतं, कुणी पलटणीतून पेन्शन घेतली होती, कुणी रेल्वेत कारकुनी केली होती. आपण ज्यू आहोत हे सिद्ध करणारा कागद नातवाला कधीकाळी लागेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

या आजोबांचं आयुष्य नीट पाहिलं की एक गोष्ट ध्यानात येते. ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ हा प्रश्न त्यांच्या घराण्यांना जेरुसलेममध्ये पहिल्यांदा विचारला गेला नव्हता. तो त्यांना कोकणात विचारला गेला, म्हैसूरच्या तुरुंगात विचारला गेला, रंगूनच्या कोर्टात विचारला गेला. दरवेळी विचारणारा वेगळा होता. उत्तर मात्र बरंचसं एकच होतं: आम्ही शनिवार पाळतो.

अलिबागच्या उत्तरेला नवगावचा किनारा आहे. समाजाची आठवण अशी की तिथे जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, बाकीच्यांना किनाऱ्यालगत पुरलं. त्या जागी आज समाजाने उभारलेलं स्मारक आहे. किनाऱ्यावर लागलेले चौदा देह चित्पावनांच्या परशुरामकथेतही आहेत, आणि या साम्यावर अभ्यासकांनी भरपूर शाई खर्ची घातली आहे. कुणाची कथा कुणी उचलली हे आता ठरवणं कठीण. कोकणाला समुद्राने दिलेल्या माणसांचं कौतुक आहे, एवढं मात्र खरं.

हे केव्हा घडलं? हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो १९३७ मध्ये, त्यांच्या पश्चात, तेल अवीवला छापला गेला. इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास आपले पूर्वज निघाले असावेत असं त्यांनी मानलं. त्यांचा एक तर्क मोठा चतुर होता. समाजाच्या जुन्या सणांत हनुक्का नव्हता. हनुक्का साजरा होतो तो इसवी सनापूर्वी १६५ च्या सुमाराच्या घटनेचा. म्हणजे पूर्वजांनी त्याआधीच देश सोडला असला पाहिजे! इतिहासकार या तारखेवर मान डोलावत नाहीत. पण जे आपल्याकडे नाही त्याचाच दाखला करायचा, ही वकिली दाद देण्यासारखी आहे.

जहाजाबरोबर पोथ्या बुडाल्या, असं समाज सांगतो. मग उरलं काय? शनिवारी घाणा बंद. कोकणातल्या हिंदू तेल्यांचा खाडा सोमवारी असे, त्यामुळे गावाने यांना ‘शनवार तेली’ म्हणून ओळखलं. मुलाची आठव्या दिवशी सुंता. खवले आणि पर असलेलीच मासळी खायची. कोलंबी, खेकडा, शिंपल्या वर्ज्य, आणि तेही अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर राहून! हिब्रू भाषा विसरली गेली, पण ‘शेमा’ या प्रार्थनेचे सुरुवातीचे शब्द तेवढे तोंडात राहिले. सुंतेला तेच, लग्नाला तेच, मयताला तेच. पुढे कधीतरी डेव्हिड रहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला. कुणी त्याला हजार वर्षांपूर्वीचा म्हणतं, कुणी अठराव्या शतकातला. कथेप्रमाणे त्याने इथल्या बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली, तेव्हा त्यांनी खवल्यांची मासळी वेगळी काढली आणि उरलेली बाजूला सारली. रहाबीला तेवढं पुरलं. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतली माणसं निवडून त्यांना विधी शिकवले. या शिकवलेल्यांना समाज ‘काजी’ म्हणू लागला.

सणांची नावं तर ऐकण्यासारखी आहेत. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’. योम किप्पूरला घराची दारं लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर उपास करायचा, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्म, तो ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचं सुतक पाळताना वालाची बिरडी खायची, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. धर्मशास्त्राची नावं गेली आणि त्यांच्या जागी स्वयंपाकघरातली आली. या कामात आजोबांपेक्षा आजीचा वाटा मोठा होता, हे इथेच सांगायला हवं. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही या नियमाला कोकणाने नारळाच्या दुधाची पळवाट दिली. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, आशीर्वादाला द्राक्षाची दारू मिळेना, तेव्हा काळ्या मनुका भिजवून, गाळून त्याचं सरबत केलं गेलं. नव्याच्या सणाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घोटून हलवा होऊ लागला.

आणि या सगळ्यांवर एलियाहू हन्नाबी. नवसाला पावणारा, संकटात धावून येणारा संदेष्टा. अलिबागजवळ सागावच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापेच्या खुणा आहेत, अशी समाजाची श्रद्धा आहे. त्या जागेला ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात. नवस फेडायचा तो मलिद्याने: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, सुकामेवा, ताटाच्या कडेने फळं. युरोपातल्या किंवा बगदादच्या कुठल्याही ज्यूला हे ताट दाखवलं तर तो गोंधळून जाईल. अलिबागच्या कुठल्याही माणसाला दाखवलं तर तो हात पुढे करील.

समाजातला पहिला इतिहासप्रसिद्ध लढवय्या म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. कंपनीच्या कागदांतलं नाव सॅम्युएल इझिकिएल. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत ते देशी अंमलदार होते. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ च्या दरम्यान, ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. पुढची हकिकत समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कैद्यांची जात विचारली गेली. सामाजींनी ‘बेने इस्रायल’ म्हणून सांगितलं. टिपूच्या आईच्या कानावर ते गेलं. कुराणात या लोकांचं नाव येतं, पण प्रत्यक्ष कुणी पाहिलेलं नाही, यांना मारू नका, असं तिने म्हटलं आणि जीव वाचला. हकिकतीतला प्रत्येक तपशील कागदावर सापडेलच असं नाही. पण तिची मांडणी पाहा. शत्रूच्या तुरुंगात माणसाला तू कोण म्हणून विचारतात, तो आपल्या धर्माचं नाव सांगतो, आणि त्या नावाची ओळख एका मुसलमान बाईला तिच्या धर्मग्रंथातून पटते. समाजाने ही गोष्ट इतकी जपली याचं नवल वाटू नये.

कैदेत असताना सामाजींनी नवस बोलला होता. सुटलो तर मुंबईत प्रार्थनास्थान बांधीन. १७९६ मध्ये मांडवी भागात त्यांनी ते बांधलं. नाव ‘शाआर हारहामीम’, म्हणजे दयेचं द्वार. मुंबईतलं हे पहिलं सिनेगॉग. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि हार्बर मार्गावरच्या मस्जिद स्थानकाचं नाव त्यावरूनच पडलं, असं समाजातले लोक आजही सांगतात. शेजारच्या रस्त्याचं सॅम्युएल स्ट्रीट हे नाव तर सामाजींचंच. तोरा या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. शतकानुशतकं घरातल्या घरात चाललेल्या धर्माला छप्पर मिळालं ते एका फौजी माणसाच्या नवसातून.

सामाजींच्या मागून गावोगावचे तेली घाणा सोडून पलटणीत शिरले. दोनचार पिढ्यांतच समाजाच्या आकाराच्या मानाने सुभेदार-जमादारांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी झाली. फौजेने पगार दिला, पेन्शन दिली, आणि मुख्य म्हणजे गावच्या जातीच्या उतरंडीतून बाहेर काढलं. पेन्शनीत निघालेला सुभेदार गावी परतला की त्याच्या पैशांतून प्रार्थनास्थानाची वीट चढे. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३ अशी ही सिनेगॉगं उभी राहत गेली.

हिब्रू शिकवायला मात्र ख्रिस्ती मिशनरी यावे लागले. जॉन विल्सन यांच्यासारख्या स्कॉटिश पाद्र्यांनी १८३० च्या दशकात मुंबईत बेने इस्रायल मुलांना हिब्रू आणि जुना करार शिकवायला सुरुवात केली. उद्देश उघड होता: ही मुलं पुढेमागे ख्रिस्ती होतील. मुलं हिब्रू शिकली, जुना करार वाचू लागली आणि अधिक पक्की ज्यू होऊन घरी गेली. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या विधीची पोथी, ‘हगादा’, हिब्रू-मराठी छापून निघाली. तिच्यातल्या चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. १८७५ मध्ये केहिमकरांनी आपल्या भावांच्या साथीने मुंबईत इस्रायली मुलांची शाळा काढली. माझगावची सर एली कदुरी शाळा ती हीच. १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी कीर्तन सुरू केलं. तेच पूर्वरंग-उत्तररंग, तीच साकी-दिंडी, फक्त आख्यान योसेफाचं, मोशेचं किंवा अब्राहामाचं.

१८५७ नंतर फौजेत जातवार कंपन्यांची पद्धत आली आणि बेने इस्रायलांची कोंडी झाली. स्वतःची कंपनी उभी राहील एवढी त्यांची संख्याच नव्हती. आजोबांच्या पिढीने मग गणवेश उतरवला आणि कोट चढवला: रेल्वे, पोस्ट, कस्टम, दवाखाने, शाळा. नोकरी नेईल तिकडे माणसं गेली. कराचीत सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी १८९३ मध्ये ‘मागेन शालोम’ सिनेगॉग बांधलं. एडनला वस्ती झाली, रंगूनला झाली. फौजेशी नातं पूर्ण तुटलं नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात ही माणसं होती. दुसऱ्या महायुद्धात शाही भारतीय नौदलात असलेले पुण्याचे बेंजामिन सॅमसन स्वातंत्र्यानंतर व्हाइस ॲडमिरल झाले. भरतनाट्यम नृत्यांगना लीला सॅमसन या त्यांच्या कन्या.

रंगूनची गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. मुंबईत आणि रंगूनमध्ये बगदादहून आलेले श्रीमंत व्यापारी ज्यू होते. आरंभी त्यांनी बेने इस्रायलांच्या मांडीला मांडी लावून प्रार्थना केली, पुढे हळूहळू अंतर पडलं. यांचं रक्त शुद्ध नाही, यांना काडीमोडाचे नियम ठाऊक नाहीत, अशी कुजबुज वाढली. रंगूनच्या सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्रायलांना मत असावं की नाही, हा वाद कोर्टात गेला आणि १९३५ मध्ये निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला. इंग्रजांच्या कोर्टाने निर्वाळा दिला की हे ज्यूच आहेत. हा विजय त्यांना फार दिवस भोगता आला नाही. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी बॉम्ब पडले, मार्च १९४२ मध्ये रंगून गेलं. लाखो भारतीय मिळेल त्या वाटेने, पुष्कळसे डोंगरदऱ्यांतून पायी, मायदेशाकडे निघाले. त्या लोंढ्यात मराठी बोलणारी ज्यू कुटुंबंही होती. घर गेलं, दुकान गेलं, आणि ज्या सिनेगॉगमधल्या मतासाठी भांडले तेही मागे राहिलं.

एक गोष्ट समाजाला स्वतःच्या पदरातही पाहावी लागते. ज्यांना बगदादी कमी लेखत होते, ते बेने इस्रायल आपल्यातच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद करत होते. समाजाबाहेरच्या बाईपासून झालेली संतती ‘काळे इस्रायल’. त्यांच्याशी सोयरीक नाही, जेवणाची पंगतही वेगळी. शुद्धतेचा दाखला मागण्याची खोड कोकणाच्या मातीत चांगलीच रुजलेली होती. आजोबांची आठवण काढताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मग हे लोक इस्रायलला गेले तरी का? भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, हे ते स्वतःच छातीठोकपणे सांगतात. १८९७ मध्ये बाझेलच्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचं आमंत्रण आलं, तेव्हा समाजाच्या पुढाऱ्यांनी ते नम्रपणे नाकारलं होतं. सियोनला परतणं माणसाच्या ठरावाने होत नसतं, देवाच्या हाताने होईल, ही त्यांची भूमिका होती. रोज जेरुसलेमचं नाव घेणारा आजोबा जेरुसलेमचं तिकीट काढायला तयार नव्हता. त्याच्या श्रद्धेत घाई बसत नव्हती.

अर्ध्या शतकात हवा पालटली. फाळणी झाली, कराचीच्या कुटुंबांना एक घर सोडून दुसरं शोधायचंच होतं. इंग्रज गेले, आणि रेल्वे-कस्टममधल्या ज्या नोकऱ्यांवर दोन पिढ्या पोसल्या होत्या त्यांचा भरवसा उरला नाही. आणि १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर धार्मिक मनांना वाटलं, देवाचा हात म्हणतात तो हाच. १९५१ च्या जनगणनेत भारतात ज्यू २६ हजारांच्या आसपास होते. नंतरच्या दोन दशकांत त्यांतले बहुतेक निघून गेले. मुलं आधी गेली, मागून आईबाप, आणि शेवटी, अनेकदा नाइलाजाने, आजी-आजोबा. साठी उलटलेल्या माणसाने घरची भांडी, पाटा-वरवंटा, मराठी प्रार्थनापुस्तकं बांधून घ्यायची आणि ज्या भाषेत फक्त देवाशी बोललो त्या भाषेत भाजी विकत घ्यायला शिकायचं.

इस्रायलमध्ये त्यांना जागा मिळाली ती बहुतेक नेगेव वाळवंटाच्या कडेला किंवा जुन्या शहरांच्या उरल्यासुरल्या वस्त्यांत. लोद आणि रामला इथले बहुसंख्य अरब रहिवासी १९४८ च्या युद्धात हाकलले गेले होते. त्याच गावांत कोकणातून आलेली कुटुंबं वसवली गेली. एकाच्या घरवापसीखाली दुसऱ्याचं घर गेलेलं असतं, याची जाणीव त्या धावपळीत किती जणांना झाली असेल, सांगता येत नाही.

देशात तेव्हा रेशनचे दिवस होते. १९५१ मध्ये बीरशेबाच्या काही बेने इस्रायल कुटुंबांनी तक्रार मांडली की कामात, घरांत डावललं जातं. इतकंच नव्हे, तर पांढरा पाव मागितला तर तुम्ही काळे, काळा पाव खा असं सांगितलं जातं. ही माणसं तेल अवीवला, स्थलांतरितांचं काम पाहणाऱ्या ज्यूइश एजन्सीच्या कचेरीसमोर जाऊन बसली. मागणी एकच: आम्हाला परत मुंबईला पाठवा. सत्याग्रह ही गोष्ट त्यांना नवी नव्हती; गांधींचा देश सोडून येऊन दोनतीनच वर्षं झाली होती. अखेर १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना विमानाने परत पाठवण्यात आलं. पुढे यांतल्या पुष्कळांनी मुंबईत येऊन काही काळ काढला आणि पुन्हा इस्रायलला जाण्यासाठी अर्ज केले! हा धरसोडपणा म्हणून हसण्यावारी नेता येईल. पण ही माणसं देश निवडत नव्हती, आपल्याला माणूस म्हणून कुठे वागवतात ते पाहत होती.

आणि मग आलं ते १९६२ चं सूचनापत्र. त्याच्या मुळाशी असलेली शंका धर्मशास्त्राची होती. ज्यू कायद्यात काडीमोड देताना नवऱ्याने बायकोला ‘गेट’ नावाचा रीतसर लेख द्यावा लागतो. तो न देता बाईने दुसरं लग्न केलं तर त्या लग्नाची मुलं कलंकित ठरतात, त्यांना समाजात लग्न करता येत नाही. कोकणात शतकानुशतकं रब्बीच नव्हता, मग गेट कोण लिहिणार? तेव्हा कलंक कुठेतरी शिरला असणार, असा हा हिशेब. यावरचं उत्तर शुद्ध मराठी मुलखातलं होतं. बेने इस्रायलांत काडीमोड विरळा होता, आणि शेजारच्या उच्चवर्णीय हिंदूंप्रमाणे विधवेचं दुसरं लग्नही लावत नसत. जे लग्न झालंच नाही त्यातून कलंक यायचा कसा? विधवांच्या वाट्याला आलेल्या त्या कठोर रूढीने नातवंडांचा बचाव करावा, याला काय म्हणावं!

ऑक्टोबर १९६१ मध्ये रब्बीमंडळाने आधी बेने इस्रायलांशी विवाह निषिद्ध नाही असं मान्य केलं होतं. चारच महिन्यांत मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांच्या सहीने चौकशीच्या अटी आल्या. समाज चिडला तो नकारापेक्षा या दुटप्पीपणाने. तुम्ही ज्यू आहात, पण आजीचा दाखला आणा! अशकेनाझी, म्हणजे युरोपीय ज्यू, वराला असा प्रश्न विचारत नव्हते. बीरशेबातला तरुण आजोबांच्या सुंतेचा दाखला कुठून आणणार? नोंदवह्या होत्या त्या मुंबईच्या सिनेगॉगमध्ये, दगड होते ते कोकणात.

१९६४ च्या उन्हाळ्यात हे लोक जेरुसलेमला गेले आणि ज्यूइश एजन्सीच्या इमारतीसमोर ठाण मांडलं. पुरुष, लुगडी नेसलेल्या बाया, म्हातारी माणसं, मुलं. जुलै गेला, ऑगस्ट आला. वर्तमानपत्रांनी उचलून धरलं, जगभरच्या ज्यू संघटना बोलू लागल्या, सरकारची अडचण झाली. अखेर पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी १७ ऑगस्ट १९६४ रोजी संसदेत, क्नेसेटमध्ये, निवेदन केलं: भारतातून आलेले बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत, विवाहासकट सगळ्या बाबतींत त्यांचे हक्क इतर ज्यूंसारखेच आहेत. धर्मपीठाने जनतेच्या मनातली भेदभावाची भावना दूर करावी असंही संसदेने बजावलं. ३१ ऑगस्टला रब्बीमंडळ झुकलं. सूचनापत्रातून ‘बेने इस्रायल’ हे शब्द काढले आणि त्याजागी ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल असे कुणीही’ अशी मोघम शब्दरचना घातली. नाव गेलं, शंका राहिली. पण मोघम शंका सगळ्यांवर सारखी लागू होते, त्यामुळे कुणी ती फारशी वापरेना. धर्मशास्त्रापेक्षा मसुदा लिहिणाऱ्याच्या हुशारीने सुटलेला हा पेच होता.

गावगाड्यात वाढलेला, इंग्रजाला सलाम ठोकलेला, पोटापुरतं हिब्रू येणारा म्हातारा भर उन्हात रस्त्यावर बसतो आणि सार्वभौम देशाच्या सर्वोच्च धर्मपीठाला माघार घ्यायला लावतो. सामाजी दिवेकरांच्या लढाईला इतिहासात जागा मिळाली. या लढाईतल्या म्हाताऱ्यांची नावं त्यांच्या घरांतच राहिली.

१९६४ ने सगळं मिटलं असं म्हणता येणार नाही. १९९७ मध्ये पेताह तिकवाच्या रब्बीने बेने इस्रायल लग्नाची नोंद करायला नकार दिल्याचं प्रकरण गाजलं. त्याआधी, १९८५ मध्ये, इथिओपियाच्या ज्यूंना शुद्धीविधी सांगितला गेला तेव्हा तेही जेरुसलेममध्ये रब्बीमंडळासमोर महिनाभर बसले. दिमोनातल्या कुठल्या मराठी आजोबाने त्यांच्याकडे पाहून ओळखीचं हसू हसलं असेल का, कोण जाणे.

पुराव्याचा खेळ प्रयोगशाळेतही गेला. २०१६ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात बेने इस्रायलांच्या जनुकांवरचा अभ्यास आला. निष्कर्ष असा की त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा अंश ठळक आहे आणि भारतीय अंशही तितकाच ठळक. आजोबांना हे ऐकवलं असतं तर ते म्हणाले असते, हे सांगायला रक्त कशाला काढलं? आमच्या ताटात पाहायचं होतं. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. २०११ च्या जनगणनेत भारतभर ज्यू ४,६५० होते. शाळेच्या प्रवेशअर्जात धर्माच्या रकान्यात ‘इतर’ लिहिण्याची पाळी मुंबई-ठाण्यातल्या मुलांवर हा दर्जा मिळेपर्यंत येत होती.

अलिबागच्या इस्रायल आळीत ‘मागेन अबोथ’ अजून उभं आहे. १९१० मध्ये ते नव्याने बांधलं गेलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. ते जमवताना कधी मुंबईहून माणसं यावी लागतात. प्रार्थना संपली की हातबोशी होते: एकमेकांच्या हातांना हात लावून बोटं ओठांशी न्यायची. इस्रायलहून येणारे गट बसमधून उतरतात, आडनावाचं गाव शोधतात, सागावला जाऊन खडकावरच्या खुणा पाहतात. तिकडे अनेकांनी आडनावामागचा ‘कर’ काढून टाकला आहे, त्यामुळे आजोबांचं गाव कुठलं हे कधी कधी इथल्या म्हाताऱ्यांनाच सांगावं लागतं.

तिकडे एलियाहूचा नवस हैफाच्या गुहेत फेडला जातो, पोहे भारतीय दुकानात मिळतात. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक ज्यांनी चालवलं त्यांत नोहा मस्सील यांचं नाव आवर्जून घ्यावं लागेल. कीर्तनाची पदं आता मुख्यतः बायका गातात. नातवंडांना त्यातलं योसेफाचं नाव कळतं, साकीचे शब्द कळत नाहीत.

आजोबांनी नेलेल्या सामानातल्या एका गोष्टीबद्दल मात्र तिकडच्या कुठल्याही रब्बीने चौकशी केली नाही: क्रिकेट. बीरशेबा, दिमोना, अशदोद, लोद इथे भारतातून गेलेल्या माणसांनी क्लब काढले, वाळवंटातल्या खडबडीत मैदानांवर मॅटिंग अंथरलं. १९७४ मध्ये इस्रायलला आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचं सहसदस्यत्व मिळालं. १९७९ मध्ये इंग्लंडात पहिली आयसीसी करंडक स्पर्धा झाली तेव्हा त्यांचा संघ तिथे उतरला. श्रीलंकेने राजकीय कारणाने त्यांच्याशी सामना खेळायला नकार दिला आणि त्या सामन्याचे गुण इस्रायलला न खेळताच मिळाले.